जीवीबेनची यंत्रांबद्दलची मतं

जीवीबेन,

आज चौथा दिवस. हे पत्र तुला वाचता येणार नाही हे मला ठाऊक आहे. सुनेकडून वाचून घेशील तर ती लाज वाटेल ती वाक्यं गाळून वाचेल, म्हणजे पत्रात काही उरणारच नाही. तरी लिहिते. एकाहत्तर वर्षांच्या बाईला माफी मागायची सवय नसते, आणि कॉलेजात पस्तीस वर्षं शिकवलेल्या बाईला तर मुळीच नसते. त्या दिवशी ते वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं हे मला अजून कळलेलं नाही. तू ये, एवढंच सांगायचं होतं. मशीन मी बंद करून ठेवलं आहे. इथे भांड्यांचा ढीग पडला आहे, आणि

‘आणि’पाशी निरंजनाबेन अमीन थबकल्या. भांड्यांचा ढीग पडला आहे म्हणून ये, हे काय माफीचं वाक्य झालं? त्यांनी कागद चुरगळला, दुसरा घेतला, त्यावर नुसतं ‘जीवीबेन’ लिहिलं आणि तोही चुरगळला. बाहेर मोरीवर चार दिवसांची पातेली खरकट्यासकट वाळत होती. आत ओट्याखाली नवंकोरं डिशवॉशर तोंड मिटून बसलं होतं.

जीवीबेन परमार सव्वीस वर्षांपूर्वी या घरात कामाला लागली. नडियादच्या पूर्णिमा सोसायटीतून चालत निघालं तर रूळ ओलांडून दहा मिनिटांवर तिचा वणकरवास, विणकर दलितांची वस्ती. आता तिथल्या एकाही घरात माग राहिलेला नाही, नाव तेवढं राहिलं आहे. आली तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती, नुकतीच विधवा झालेली, पदराला दोन मुलं. निरंजनाबेनच्या सासूबाईंनी तिला मागच्या दाराने घेतलं. मोरीवर भांडी घासायची आणि पालथी घालून निघून जायचं. मग सासूबाई वरून पाण्याचा हबका मारून ती आत घेत. निरंजनाबेन तेव्हा सरकारी कॉलेजात होमसायन्स शिकवत. ‘घरकामातील श्रमबचत’ हा त्यांचा हातखंडा विषय. सासूबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तो हबका बंद केला. जीवीला जीवीबेन म्हणायला लागल्या. दिवाळीला साडी दिली तर आपण नेसतो तसलीच दिली. आपल्या घरात शिवाशिवीचं काही राहिलं नाही असं त्या चारचौघींत सांगत, आणि त्यात खोटं बोलतो आहोत असं त्यांना कधी वाटलं नाही.

जीवीबेनची खरी प्रसिद्धी तिच्या मतांची. घरात नवं यंत्र आलं की ती ओल्या हातांनी कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहायची, वरपासून खालपर्यंत बघायची आणि निकाल द्यायची. मिक्सर आला तेव्हा म्हणाली, याची चटणी बोलत नाही, ओरडते. घरघंटी आली तेव्हा म्हणाली, पीठ तापतं, आणि तापलेल्या पिठाचा रोटला रुसून बसतो. केर ओढणारं यंत्र पाहून तर ती हसत सुटली. केर बाहेर टाकायचा असतो बेन, तो पोटात घालून पाळायचा नसतो. पण तिचा सगळ्यात जास्त राग शेजारच्या घरांत आलेल्या धुण्याच्या मशीनवर. ते कपडे धूत नाही, गरागरा फिरवून त्यांना चक्कर आणतं. चक्कर आलेला माणूस आणि स्वच्छ झालेला माणूस, दोघंही निपचित पडलेले दिसतात, एवढाच तुमचा गैरसमज.

यंत्रांवर ती थांबत नसे. सोसायटीतल्या पटेलांच्या मुली एकामागून एक अमेरिकेला दिल्या जात होत्या. जीवीबेन म्हणायची, दिली म्हणजे काय, भांडी घासायला पाठवली, तिकडे बाई कुठे मिळते. कुणाचा नवरा स्वयंपाकघरात शिरला म्हणून शेजारणी कौतुक करायला लागल्या तर म्हणायची, घासू दे की त्याला, पण टाळ्या वाजवू नका. मी इतकी वर्षं घासते आहे, कुणी वाजवली?

निरंजनाबेननी ही मतं एका वहीत उतरवून ठेवली होती. निवृत्त झाल्यावर महिला मंडळाच्या सभांत त्या ‘यंत्रं आणि गृहिणी’ या विषयावर बोलत आणि अधूनमधून जीवीबेनची दोन वाक्यं पेरत. बायका पोट धरून हसत. साध्यासुध्या माणसाचं उपजत शहाणपण, असं निरंजनाबेन म्हणत. धुण्याच्या मशीनवरचं ते ऐकून तर त्यांनी स्वतःही कधी धुण्याचं मशीन घेतलं नाही. कपडे जीवीबेनच धूत राहिली.

यंदा उत्तरायणाला, संक्रांतीच्या सुमारास, मुलगा पराग अमेरिकेतल्या एडिसनहून दोन आठवड्यांसाठी आला आणि आल्या आल्या त्याने भांडी धुण्याचं मशीन आणून बसवलं. आईचे गुडघे गेलेत, जीवीमासीही थकली, असं तो म्हणाला. निरंजनाबेननी वही जवळ ओढून ठेवली. जीवीबेन नेहमीसारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. परागने स्वतः वाकून ताटं उभी लावली, वाट्या उपड्या घातल्या, मीठ कुठे घालायचं आणि बटण कोणतं दाबायचं ते तिला दाखवलं. तासाभराने वाफेचा भपकारा सोडत दार उघडलं. जीवीबेनने एक वाटी उचलली, नाकाशी धरली, खिडकीकडे करून पाहिली आणि ठेवून दिली. काही बोलली नाही. निरंजनाबेनना चुकल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या रमीलाबेन आणि मंडळातल्या तिघी परागला भेटायला आल्या. परागने सकाळी मशीन लावलं होतं आणि आता निघालेले कप ओळीने ओट्यावर मांडले होते. निळ्या वेलीचे कप, निरंजनाबेन माहेरहून, वडोदऱ्याहून घेऊन आलेल्या सहांच्या सेटमधले. त्यांनी चहा ओतला आणि आज कप पुरले याचं त्यांना बरंच वाटलं. का पुरले ते त्यांच्या डोक्यात आलं नाही.

रमीलाबेन चहा बशीत ओतून पितात. अर्धा कप झाला, गप्पा चालल्या होत्या, परागला अमेरिकेत स्वतः भांडी घासावी लागतात हे ऐकून एकीने गालावर हात मारून घेतला होता. रमीलाबेननी उरलेला चहा बशीत घ्यायला कप पुरता कलंडवला आणि त्याचा तळ समोर बसलेल्या निरंजनाबेनकडे झाला. तळाशी नखाएवढा लाल ठिपका.

तो ठिपका सासूबाईंनी लावला होता. निरंजनाबेनच्याच बाटलीतलं नेलपॉलिश घेऊन. सेटमधला एक कप त्यांनी मागच्या ओसरीच्या कट्ट्यावर काढून ठेवला होता, जीवीला चहा द्यायला. चुकून घरच्या कपांत मिसळू नये म्हणून खूण. असल्या कपाला इकडे रामपातर म्हणतात. देवाचं नाव लावलं की लाजेचं काही उरत नाही. सासूबाई जाऊन चौदा वर्षं झाली. हबका गेला, ‘जीवी’ची जीवीबेन झाली, पण कप तिथेच राहिला. सव्वीस वर्षं ती त्यात चहा पीत होती, स्वतः विसळून परत कट्ट्यावर ठेवत होती, आणि निरंजनाबेन रोज वरून त्यात चहा ओतत होत्या. कुणीतरी बाहेर विसरलेला दिसतो, म्हणून परागने तो उचलून मशीनमध्ये घातला होता.

आता खोलीत हे एका निरंजनाबेनशिवाय कुणालाही कळलेलं नव्हतं. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणारही नव्हतं. पण विचार पोचायच्या आधी तोंड पुढे गेलं.

"रमीला, थांब. तो कप नको. तो जीवीचा आहे, चुकून आत आला."

जीवी. बेन सुद्धा नाही. बोलल्यावर स्वतःचा आवाज त्यांच्या कानांवर पडला तो हुबेहूब सासूबाईंचा.   रमीलाबेन आजकाल कोण बघतं, एवढं काय त्यात, असं म्हणाल्या, पण म्हणता म्हणता त्यांनी बशी दोन बोटांनी पुढे सरकवली होती. पराग आईकडे बघत होता.

"मम्मी, अजून?" एवढंच तो म्हणाला.

आणि मागच्या दारात, हातात ओला फडका घेऊन जीवीबेन उभी होती.

ती आत आली. बशीतला चहा तिने कपात ओतला, कप-बशी उचलून मोरीवर नेली, विसळली, कट्ट्यावर उपडी घातली. जाताना नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "बेन, मशीनचं मीठ संपत आलंय, मागवून ठेवा."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी दूधवालीबरोबर निरोप आला, आता मशीन आहे, माझं काय काम. निरंजनाबेननी मशीनचं बटण बंद केलं आणि ते पुन्हा दाबलं नाही. आपण तिला दुखावलं याहून त्यांना दुसरंच जास्त खात होतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही हे त्यांनी सासूबाईंबद्दल किती वेळा म्हटलं होतं. तो पीळ आपल्याच जिभेत निघाला. जीवीबेन परत आली, पूर्वीसारखी त्या ओट्याशी उभी राहून कशाला तरी नावं ठेवायला लागली, तरच आपण तितक्या वाईट नाही असं त्यांना वाटणार होतं. चौथ्या दिवशी पत्राचे दोन कागद वाया घालवल्यावर त्यांनी रिक्षा बोलावली. पराग बरोबर येतो म्हणाला, त्याला नको म्हणाल्या.

वणकरवासात त्या पहिल्यांदाच येत होत्या. दहा मिनिटांचा रस्ता, सव्वीस वर्षं. जीवीबेनचं घर विचारत विचारत सापडलं. दोन खोल्या, पुढे तुळशीचा डबा. दारातून आत पाऊल टाकलं आणि त्यांची नजर समोरच खिळली. पलंगाच्या पायथ्याशी, विणलेलं पांढरं झाकण घातलेलं, त्यावर देवीचा फोटो ठेवलेलं धुण्याचं मशीन होतं. आत कपडे फिरत होते.

"हे कधी घेतलंस?" बसायच्या आधीच त्यांनी विचारलं. माफी मागायला आलो होतो हे विसरल्या.

"झाली की सहा वर्षं," जीवीबेन म्हणाली. ती पलंगाच्या कडेला बसली होती, उठली नाही, पण पलंगावरचे कपडे बाजूला करून जागा केली. "सून लग्न होऊन आली तेव्हा. मी दुसऱ्यांचे कपडे बडवून मेले, तिने घरचेही का बडवावेत?"

"आणि मग ते चक्कर? निपचित पडलेला माणूस?"

जीवीबेनने त्यांच्याकडे नीट पाहिलं. सुनेकडे बघून किंचित हसलीही.

"बेन, मी मशीन चांगलं आहे म्हटलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी घेतलं असतं. मग कपडे माझ्याकडून गेले असते. मिक्सरला नावं ठेवली म्हणून तुमचं वाटण माझ्याकडे राहिलं. सोसायटीतल्या सहा घरांत मी हेच बोलायची. सगळ्यांना आवडायचं. तुम्ही तर लिहून घ्यायचात."

 वही, सभा, पोट धरून हसणाऱ्या बायका, उपजत शहाणपण, सगळं निरंजनाबेनच्या डोळ्यांपुढून गेलं. गृहशास्त्राच्या पदवीधर बाईला शाळेची पायरीही न चढलेल्या बाईने वीस वर्षं कपडे धुण्याच्या मशीनपासून लांब ठेवलं होतं. आणि आपण ते भाषणात सांगत होतो. रागवावं की शाबासकी द्यावी हे त्यांना कळेना.

सुनेने दुकानातून कागदी कप आणवले आणि त्यातला एक चहाने भरून त्यांच्यापुढे धरला. बाकी सगळ्यांच्या हातात स्टीलचे पेले होते.

"पेले आहेत घरात," जीवीबेन म्हणाली, "पण तुम्हाला जड जाऊ नये."

तो टोमणा होता की काळजी, हे विचारायची निरंजनाबेनची छाती झाली नाही. कागदाचा कप हातात मऊ पडत होता. दोन घोटांत चहा संपवून त्यांनी माफी मागितली. वाक्य जमलं नाही. त्या दिवशी जे झालं ते, असं म्हणून थांबल्या, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबल्या.

जीवीबेनने हात हलवला, राहू द्या. मग म्हणाली, त्या नव्या मशीनबद्दल तेव्हा काही बोलले नाही. आता सांगते.

"तुमच्या घरात एवढ्या वर्षांत तेवढंच एक शहाणं आलं. कुठल्या कपाला कुणाचं तोंड लागलं ते त्याला कळत नाही. आणि आता हात गेलेत बेन. आता कशाला खोटं बोलू?"

तिने दोन्ही तळवे पुढे केले. राखेने, मग सोड्याने, मग साबणाच्या पावडरीने चाळीस वर्षं खाल्लेली बोटं. टोकं गुळगुळीत, तुकतुकीत, वापरून झिजलेल्या सहाणेसारखी. एक रेघ नाही. तीन महिन्यांपासून तिची विधवा पेन्शन अडली होती. हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर अंगठा ठेवायचा, तर यंत्राला तिचा अंगठा दिसतच नव्हता. सून म्हणाली, चार वेळा नेलं, साबणाने धुऊन नेलं, लिंबू चोळून नेलं. कचेरीतल्या माणसाने सांगितलं की कुणी सरकारी नोकरीतलं, निवृत्त असलं तरी चालेल, समोर येऊन सही करून ओळख पटवली तर डोळ्यांवरून नोंद करून देतो. सोमवारी फक्त. बाराला नंबराच्या चिठ्ठ्या देणं बंद.

"मी येते की," निरंजनाबेन ताडकन म्हणाल्या. इतकं सोपं काहीतरी हाताला लागल्याचा त्यांना आनंद झाला. "या सोमवारी. तू आमच्याकडे ये, पुढच्या दाराने ये, तिथून रिक्षाने जाऊ."

परतीच्या रिक्षात त्यांना पुन्हा धक्के बसत राहिले. धुण्याचं मशीन. कागदी कप. यंत्राला न दिसणारा अंगठा, ज्याने आपलीच पातेली घासली होती. पण घर येईपर्यंत मन भरारी घ्यायला लागलं. सोमवारी जीवीबेन येणार. पुढच्या दाराने येणार. त्यांनी त्याच संध्याकाळी रमीलाबेनना सांगितलं, सोमवारी सकाळी चहाला ये, आणि त्या तिघींनाही घेऊन ये.

शनिवारी पराग परत गेला. सोमवारी साडेदहाला जीवीबेन आली, धुतलेली गुलाबी साडी, प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद. पुढच्या दारात चपला काढून ती दारातच उभी राहिली. निरंजनाबेननी तिचा हात धरून तिला झोपाळ्यावर बसवलं. रिक्षा फाटकाशी उभी होती.

"बेन, आधी कचेरी. चहा मग पिऊ."

"अगं पाच मिनिटं. या बायका येतीलच."

टीपॉयवर निळ्या वेलीचे सहाही कप मांडले होते. लाल ठिपका निरंजनाबेननी रविवारी घासून काढला होता. आता त्यांनाही सांगता आलं नसतं की तो यातला कुठला. चहा त्या ओतेनात. सगळ्यांच्या समोर, एकाच तबकातून द्यायचा होता. अकरा वाजले. रमीलाबेनचा फोन आला, हवेलीत, कृष्णाच्या देवळात, दर्शनाला गर्दी आहे. रिक्षावाल्याने दोनदा भोंगा वाजवला. जीवीबेन झोपाळा न हलवता बसली होती, पिशवी मांडीवर, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. निरंजनाबेन तिला गुडघ्यांचं सांगत होत्या, परागचं सांगत होत्या. आपण काय करतो आहोत हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं, जसं कप का पुरले ते आलं नव्हतं.

पावणेबाराला चौघी आल्या. निरंजनाबेननी चहा ओतला, पहिला कप जीवीबेनच्या हातात दिला, आणि उभ्या राहून चार वाक्यं बोलल्या. चूक झाली होती, ती चूक माझी होती, या घरात आता वेगळं काही नाही.  रमीलाबेन बशीत बघत राहिल्या. एकीने डोळे पुसले. जीवीबेनने चहा प्यायला, सगळा प्यायला, आणि कप तबकात परत ठेवला. बाहेर रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला. घड्याळात बारा वाजून गेले होते.

ती उठली. पिशवीची गाठ सुटली होती ती तिने नीट बांधली.

"बेन," ती म्हणाली, "तुमचं काम झालं. माझं राहिलं."

 निरंजनाबेननी घड्याळाकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, त्या चौघींकडे पाहिलं. मग घाईघाईने म्हणाल्या, पुढच्या सोमवारी. चहाबिहा काही नाही, मीच नऊला तुझ्या दारात येते. जीवीबेन बरं म्हणाली, चपला घालून पुढच्या दाराने निघून गेली.

पुढच्या सोमवारी त्या पावणेनऊला वणकरवासात पोचल्या. पर्समध्ये निवृत्तीचं ओळखपत्र होतं, एक चालू आणि एक जास्तीचं पेन होतं. दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, सून कामावर गेली, जीवीबेन लेकीकडे डाकोरला गेली. केव्हा येणार ते बोलली नाही. निरंजनाबेन साडेअकरापर्यंत तुळशीच्या डब्याशेजारी उभ्या राहिल्या. त्यानंतरच्या सोमवारीही गेल्या, तेव्हाही कडीच होती.

दोघींनी मिळून कचेरीत जायचं ते काही झालं नाही.